मसाई मारा आणि सेरेंगेटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनियाहून परत आलं की घरी येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो : सिंह दिसला का? दिसला. मग चहा होतो, फोटो होतात आणि त्यानंतर खरे प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत नातेवाइकांनी, सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी आणि निघायच्या आदल्या रात्री घाबरून फोन करणाऱ्यांनी जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

मसाई मारा आणि सेरेंगेटी एकच का?

गवत एकच, देश दोन. सेरेंगेटी टांझानियात, मारा केनियात. मधली सीमा म्हणजे गवतातून गेलेली सरळ रेघ, अधूनमधून एखादा दगड. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं, म्हणजे जवळजवळ नाशिक जिल्ह्याएवढं. मारा राखीव क्षेत्र १,५१० चौरस किलोमीटर, साधारण अडीच मुंबई.

दोन्ही नावं मसाईंच्या मा भाषेतली. 'मारा' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं. टेकडीवरून खाली पाहिलं की विखुरलेली झाडं आणि ढगांच्या सावल्या यांचे ठिपके दिसतात, त्यावरून. 'सिरिंगेत' म्हणजे जिथे जमीन संपतच नाही अशी जागा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मारा हे केनिया सरकारचं राष्ट्रीय उद्यान नाही. ते नारोक काउंटीच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात आहे. नदीच्या पश्चिमेचा 'मारा ट्रँगल' हा तुकडा २००१ पासून एक वेगळी संस्था सांभाळते. तिथले रस्ते बरे आहेत, एवढं मी खात्रीने सांगते.

मग माऱ्यातून गाडीने सरळ सेरेंगेटीत जाता येतं का?

नाही. सँड रिव्हरपाशी रस्ता दिसतो, पण पर्यटकांना तिथून पलीकडे जाऊ देत नाहीत. इसेबानियाच्या नाक्यावरून मोठा वळसा घालावा लागतो आणि त्यात एक अख्खा दिवस जातो. एका आठवड्यात दोन्ही कोंबू नका.

हे जंगल आहे ना? झाडं का दिसत नाहीत?

'जंगल सफारी' हा आपला शब्द इथे फसवतो. हे माळरान आहे. झाडं का नाहीत याचं उत्तर दक्षिणेला ज्वालामुखीत सापडतं. ओल दोइन्यो लेंगाई, म्हणजे मसाईंचा 'देवाचा डोंगर', अजून जागृत आहे. त्याची आणि गोरोंगोरोच्या जुन्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं वाऱ्याने उडून सेरेंगेटीच्या दक्षिण मैदानावर पडत आली. त्या राखेतला चुना पावसाच्या पाण्याबरोबर खाली जाऊन तिथे सिमेंटसारखा थर जमला. झाडाचं मूळ तो थर फोडू शकत नाही. वरच्या वीतभर मातीत फक्त बुटकं गवत येतं, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. दूध पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच लागतं. पुढे स्थलांतराची जी गोष्ट येते तिची सुरुवात या राखेत आहे.

उत्तरेला, माऱ्याकडे, पाऊस जास्त, गवत उंच आणि सखल भागात काळी माती. आपली ओळखीची काळी माती. नोव्हेंबरात एका ओढ्याकाठी आमची लँड क्रूझर दीड तास रुतली होती. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "ब्लॅक कॉटन!" आसपास कापसाचं बोंड नाही, पण नाव तेच. ते इंग्रजी नाव मुळात आपल्या दख्खनच्या मातीला मिळालं आणि तिथून जगभर फिरलं. खाली उतरले तर तिसऱ्या पावलाला दोन्ही बुटांना किलो किलो चिखल. परभणीच्या शेतात वाढलेल्या बाईला हे नवीन नव्हतं. ड्रायव्हरला नवल वाटलं ते मी काडी घेऊन मुकाट्याने बूट खरवडायला बसले याचं.

माऱ्याच्या फोटोत जे एकटं उभं झाड असतं, ते बहुतेक वेळा हिंगणबेटाच्या जातीचं असतं. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात माळावर दिसणाऱ्या हिंगणबेटाचं सख्खं भावंड. पसरट छत्रीसारखी दिसतात ती बाभळीच्या कुळातली. आणखी एक बाभूळ आहे, तिच्या काट्यांच्या बुडाशी काळ्या गोट्या असतात. त्यात मुंग्या राहतात. मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा गेला की झाड शीळ घालतं. इंजिन बंद करून ऐका. जिराफाने पाला ओढला की त्याच मुंग्या त्याच्या तोंडावर चालून जातात.

स्थलांतर म्हणजे नक्की काय? कधी जावं?

लाखो विल्डेबीस्ट (बैलासारखी दिसणारी मोठी हरणं), त्यांच्यासोबत दोनेक लाख झेब्रे आणि त्याहून जास्त छोटी हरणं पावसामागे वर्षभर गोल फिरत राहतात. सुरुवात नाही, शेवट नाही, म्होरक्या नाही. ढोबळ हिशेब असा : जानेवारी ते मार्च दक्षिणेला एन्दुतूच्या बुटक्या गवतावर. एप्रिल-मेच्या पावसात वायव्येकडे. जूनच्या सुमारास ग्रुमेती नदीकडे. जुलै ते ऑक्टोबर उत्तर सेरेंगेटी आणि मारा. नोव्हेंबरात पाऊस पडला की परत खाली.

या फिरण्यात जेवणाची पंगत असते. उंच, निबर गवत आधी झेब्रा खातो, त्याचं पोट ते पचवतं. खालचं पानांचं गवत विल्डेबीस्टच्या वाट्याला. त्यानंतर जे कोवळे फुटवे येतात ते थॉमसन गॅझेल नावाची लहानशी हरणं टिपतात.

सगळे विचारतात ऑगस्टचं. मला विचाराल तर फेब्रुवारी. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक सगळ्या माद्या वितात. मी एक वासरू जन्मताना पाहिलं. ओलं, पाय चौफेर फाकलेले, तीनदा तोंडावर पडलं. चौथ्यांदा उभं राहिलं आणि थेट आमच्या गाडीच्या चाकाला लुचायला आलं. आई मागून हुंदडत आली. हे सगळं माझ्या घड्याळात नऊ मिनिटांत झालं. सगळी एकदम जन्मली की तरस-सिंह खाऊन खाऊन किती खाणार, हा त्यामागचा हिशेब.

नदी ओलांडताना बघायला मिळेलच ना?

नाही म्हणूनच धरून चला. कळप काठावर येतो, पुढचे पाण्याकडे बघतात, मागचे ढकलतात, एखादा झेब्रा दचकतो आणि सगळे उलटे पळतात. आम्ही पाच तास थांबलो होतो. शेवटी ओलांडलं, पण दोन वळणं पलीकडे.

ओलांडतात तेव्हा मगरींपेक्षा चेंगराचेंगरीत आणि बुडून जास्त मरतात. शास्त्रज्ञांनी मारा नदीतली प्रेतं मोजली तेव्हा वर्षाला सरासरी सहा हजारांवर आकडा आला. ती वाया जात नाहीत. गिधाडं, मराबू करकोचे, मासे खातात आणि हाडं पुढे कित्येक वर्षं विरघळत नदीला फॉस्फरस देत राहतात.

आता तक्रार. काठावर चाळीस-पन्नास गाड्या उभ्या असतात आणि कळपाची उतरायची वाटच अडवतात. एकदा आमचाच ड्रायव्हर पुढे घुसायला निघाला. आम्ही नको म्हटलं तर त्याला खरंच कळेना. आजवर त्याला कोणी असं सांगितलंच नव्हतं. गाडीतून सांगणारे आपणच असतो, म्हणून सांगावं.

एवढे विल्डेबीस्ट पहिल्यापासूनच आहेत का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि माझ्या मते सगळ्यात चांगला हाच.

नाहीत. १८८७ च्या सुमारास लाल समुद्राकाठी मसावा बंदरात इटालियन सैन्यासाठी गुरं उतरली. ती भारतातून आली होती असं मानलं जातं. त्यांच्याबरोबर एक रोग उतरला : बुळकांडी. हा शब्द आपल्याकडे आता म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्याच तोंडी उरलाय. चारेक वर्षांत ती मसाई मुलखात पोचली आणि १८९७ पर्यंत थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला. दहातली नऊ गुरं मेली. रानम्हशी मेल्या, विल्डेबीस्ट मेले. गुरं गेली तसे गुरांवर जगणारे मसाई उपासमारीने आणि पाठोपाठ आलेल्या देवीच्या साथीने मेले. त्या काळाला मसाई 'एमुताई' म्हणतात. सगळं पुसून टाकणारा काळ.

चरायला कोणी उरलं नाही म्हणून झुडपं माजली, झुडपांत निद्रारोग पसरवणारी त्सेत्से माशी आली, माशीमुळे माणूस परत येईना. नंतर आलेल्या गोऱ्या साहेबांना वाटलं, हे असंच निर्मनुष्य, अनादि रान आहे. उद्यानांच्या हद्दी त्या समजुतीवर आखल्या गेल्या.

पुढची गंमत बघा. १९५० नंतर आसपासच्या गावांतल्या गाईंना बुळकांडीची लस टोचायला लागले. रोग गाईंकडूनच रानात जात होता, तो थांबला. रानातल्या एकाही जनावराला सुई न टोचता १९६१ साली अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डेबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले. त्यांनी गवत खाल्लं, म्हणून वणवे कमी झाले, म्हणून झाडांची रोपं जगली. जगातून बुळकांडी संपल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. तेरा लाखांचा आकडा अजून सगळीकडे छापला जातो. उपग्रहाच्या चित्रांवरून अलीकडे मोजलं तर सहा लाखांच्या आतच भरले, त्यामुळे शास्त्रज्ञांत सध्या वाद चालू आहे.

म्हणून म्हणते, हे मैदान समजून घ्यायचं असेल तर सिंहापेक्षा गाईकडे बघा.

मसाई कोण?

गुरं पाळणारे लोक. नाईलच्या खोऱ्याकडून कित्येक शतकांपूर्वी खाली सरकत आलेले. केनियाच्या दक्षिणेत आणि टांझानियाच्या उत्तरेत पसरलेले. त्यांचा देव एन्काई. त्याने आकाशातून दोर सोडून जगातली सगळी गुरं मसाईंच्या हवाली केली, अशी कथा आहे. त्यामुळे शेजाऱ्याची गुरं पळवली तर ती चोरी नव्हे, आपलंच आपण परत आणलं, असा जुन्या काळचा युक्तिवाद.

समाजाची बांधणी वयाच्या गटांवर चालते. एका सुमाराला वयात आलेली मुलं एकत्र मोरान, म्हणजे लढवय्ये होतात. वर्षानुवर्षं एकत्र राहतात, एकत्र खातात. मग 'एउनोतो' नावाच्या विधीत आई मुलाचे लांब केस भादरते आणि तो लग्नाच्या, पुढे थोरांच्या पायरीवर चढतो. एका गटातले लोक आयुष्यभर एकमेकांचे. नावात 'ओले' दिसलं तर त्याचा अर्थ 'अमक्याचा मुलगा'.

घरं बायका बांधतात. काटक्यांचा सांगाडा, वर माती आणि शेण. घरांच्या गोलाला काटेरी कुंपण आणि रात्री गुरं मधोमध. या वस्तीला 'एन्कांग' म्हणतात. पर्यटक सगळ्यालाच 'मन्याटा' म्हणतात, पण तो शब्द मुळात मोरानांच्या वस्तीचा.

मसाईंच्या पलीकडेही लोक आहेत. सेरेंगेटीच्या पश्चिमेला कुरिया आणि सुकुमा शेतकरी, इयासी सरोवराकाठी शिकार आणि कंदमुळांवर जगणारे हाद्झाबे, ज्यांच्या भाषेत जिभेने टाळूवर टक् वाजवलेले उच्चार असतात. लाल शालीत फोटो चांगला येतो म्हणून मसाईच दिसत राहतात.

ते खरंच गाईचं रक्त पितात?

पीत असत, आता क्वचित. गाईला न मारता मानेच्या शिरेत बोथट बाण मारून थोडं रक्त घ्यायचं आणि जखम बुजवायची. बाळंतीण, आजारी माणूस, विधी, अशा वेळी. रोजचं जेवण म्हणजे दूध, मक्याचा उगाली आणि चहा. दूध भोपळ्याच्या तुंब्यात ठेवतात. तुंब्याला आतून रानटी ऑलिव्हच्या जळत्या काडीची धुरी देतात. त्या विरजलेल्या दुधाला धुराचा वास आणि बारीक काळे कण असतात. मला एका घोटात आवडलं. बरोबरच्या काकूंनी नम्रपणे ओठ लावून खाली ठेवलं.

मग उद्यानात मसाईंची गुरं का चालत नाहीत? जमीन त्यांचीच ना?

होती. १९०४ च्या करारात इंग्रजांनी त्यांना नैवाशा-नाकुरूच्या सुपीक खोऱ्यातून हलवलं आणि मसाई आहेत तोवर लाइकिपियाची जमीन त्यांची, असं लिहून दिलं. १९११ मध्ये तिथूनही हलवलं. मसाई कोर्टात गेले, १९१३ साली दावा फेटाळला गेला. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून उठवून त्यांना शेजारच्या गोरोंगोरोत राहू दिलं. आता तिथूनही जा म्हणताहेत. जून २०२२ मध्ये सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलिओंदोत १,५०० चौरस किलोमीटर जागेची हद्द आखताना पोलीस आणि मसाई यांच्यात हिंसक झटापट झाली.

केनियाच्या बाजूला एक वेगळा प्रयोग चालू आहे. माऱ्याला लागून मसाई कुटुंबांच्या नावावर जमिनी आहेत. त्या एकत्र करून 'कन्झर्व्हन्सी' केल्या. ओल किन्येई, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ, नाबोइशो या त्यांतल्या काही. कॅम्पवाले जमीनमालकांना ठरलेलं भाडं देतात, मग त्या महिन्यात पर्यटक येवोत न येवोत. तंबूंची संख्या मर्यादित, गुरं आळीपाळीने चरतात, वन्यप्राणीही राहतात. करोनाच्या काळात पर्यटक थांबले तेव्हा हे भाडंही अडचणीत आलं, त्यामुळे सगळं आलबेल आहे असं नाही. पण ज्याची जमीन त्यालाच काही मिळतंय, ही गोष्ट मला तरी पटते. परवडत असेल तर तिथे राहा. रात्रीची आणि पायी फेरीही तिथेच करता येते.

ज्यांनी जमिनी वाटून कुंपणं घातली तिथे मात्र जनावरांच्या वाटा तुटल्या. १९७७ ते २०१६ या काळात केनियातले वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले, त्यात कुंपणांचा वाटा मोठा आहे. वरती माउचं जंगल तोडलं जातंय, आणि मारा नदी तिथेच उगम पावते.

मसाई अजून भाल्याने सिंह मारतात का?

एकेकाळी ती मोरानाची परीक्षा होती. आता कायद्याने बंदी आहे. आजचं संकट भाल्याचं नाही, विषाचं आहे. सिंहाने गाय मारली की रागाच्या भरात उरलेल्या मढ्यात कीटकनाशक घालतात. सिंह मरतो आणि त्याच्याबरोबर गिधाडांचा अख्खा थवा. आपल्याकडे गिधाडं डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने गेली, तिथे ती अशी जाताहेत.

उपायही तिथूनच आले आहेत. अंबोसेलीकडे २००७ पासून मोरानांनाच सिंहांचे राखणदार नेमलं जातं. नैरोबीच्या उद्यानालगत राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या मसाई पोराने लहान वयात, जुनी गाडीची बॅटरी आणि मोडक्या टॉर्चचे दिवे जोडून गोठ्याभोवती लुकलुकणारे दिवे लावले. कोणीतरी कंदील घेऊन फिरतंय असं सिंहाला वाटतं.

मसाई गाव बघायला जावं का?

जा, पण डोळे उघडे ठेवून. स्वागताचा नाच, उंच उड्या, काडीवर काडी घासून विस्तव, एका घरात डोकावणं आणि शेवटी मण्यांच्या दागिन्यांची रांग, असा ठरलेला क्रम असतो. एका वस्तीत आम्ही प्रत्येकी दिलेल्या पैशांतला मोठा हिस्सा ड्रायव्हरनेच ठेवल्याचं नंतर कळलं. तेव्हापासून मी पैसे वस्तीतल्या प्रमुखाच्या हातात देते आणि मणी थेट करणाऱ्या बाईकडून घेते. भाव करा, पण वीस शिलिंगांसाठी घासाघीस नको.

विचारल्याशिवाय फोटो काढू नका. लहान मुलं डोकं पुढे करून उभी राहिली तर घाबरू नका, मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवायचा असतो. "सोपा" म्हटलं की "एपा" असं उत्तर येतं. मराठी कानाला हे लक्षात ठेवायला खरंच सोपं आहे. आणि कमरेला मोबाइल दिसला म्हणून "हे खरे मसाई नाहीत" असं म्हणू नका. बैल विकल्याचे पैसे त्यांना एम-पेसावर येतात, २००७ पासून. आपण यूपीआय शिकायच्या कितीतरी आधी.

'बिग फाइव्ह' म्हणजे सगळ्यात मोठे पाच प्राणी?

नाही. पायी शिकार करायला सगळ्यात अवघड पाच : सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. शिकाऱ्यांची यादी आहे. ती पूर्ण करायच्या नादात जिराफ आणि पाणघोडे बघायचे राहतात.

आपल्याकडे आणलेले चित्ते इथलेच का?

नाहीत. कुनोत २०२२ साली नामिबियातून आणि २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतून आले. माऱ्यातला चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणून पर्यटकांना सापडतो, आणि तेच त्याच्या मुळावर येतं. २०१८ च्या एका अभ्यासात गाड्यांची वर्दळ कमी असलेल्या भागात मादी सरासरी दोनाहून जास्त पिल्लं वाढवत होती. वर्दळीच्या भागात पाच माद्यांमागे जेमतेम एक पिल्लू मोठं झालं. एका प्राण्याजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा नियम आहे. पाळला जातो का, ते स्वतःच बघाल.

तरस म्हणजे सिंहाचं उष्टं खाणाराच ना?

अनेकदा उलटं. ठिपकेवाला तरस आपलं बरंचसं अन्न स्वतः मारतो. गोरोंगोरोत १९६० च्या दशकात रात्रभर पाळत ठेवली तेव्हा दिसलं की शिकार तरस करतात आणि पहाटे सिंह येऊन हिसकावतो. पर्यटक सकाळी सातला पोचतो आणि शेजारी ताटकळणाऱ्या तरसाला चोर म्हणतो. त्यांच्यात राज्य माद्यांचं. सगळ्यात खालच्या पायरीवरची मादीसुद्धा बहुधा नरांच्या वर. तळेक नदीच्या बाजूला १९८८ पासून त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास चालू आहे. त्यांची विष्ठा पांढरी खडूसारखी असते, हाडं पचवल्यामुळे. मुलांना हे हमखास आवडतं.

पक्षी बघणाऱ्याला काय आहे?

वेगळी सहल होईल एवढं. आपल्या नीलपंखाचा जांभळ्या छातीचा भाऊ प्रत्येक तिसऱ्या झुडपावर बसलेला असतो. लांब पायांचा सेक्रेटरी पक्षी गवतात फिरत लाथा मारून साप मारतो. आणि आपला चातक पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतूनच येतो. तो ज्या वाऱ्याबरोबर येतो, तोच वारा जूनमध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून, तिथल्या डोंगरांना अडून, वळून कोकणात पाऊस घेऊन येतो. जुलैत माऱ्यात कोरड्या वाऱ्यात उभी असताना घरून फोन आला, "इथे धो धो चालू आहे." म्हटलं, इथूनच पाठवलाय.

स्वाहिली येत नाही, कसं होणार?

तुम्हाला वाटतं त्याहून जास्त येते. चाय, चपाती, दुका, गारी, रंगी, गुनिया : चहा, चपाती, दुकान, गाडी, रंग, गोणी. 'सफारी' आणि आपली 'सफर' एकाच अरबी शब्दाची लेकरं. 'म्हिंदी' म्हणजे भारतीय माणूस आणि 'महिंदी' म्हणजे मका, तेवढं सांभाळा. सिंह 'सिंबा', बिबट्या 'चुई', तरस 'फिसी', झेब्रा 'पुंडा मिलिया', म्हणजे चक्क पट्ट्यांचं गाढव.

घड्याळाची मात्र भानगड आहे. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. 'सा मोजा', एक वाजता, म्हणजे सकाळचे सात. ड्रायव्हरशी वेळ ठरवताना इंग्रजीत ठरवा.

थंडी असते म्हणतात. विषुववृत्तावर?

असते. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर आणि त्याहून उंच आहे. पहाटे उघड्या छपराच्या गाडीत कानटोपी लागते, अकराला टोपी, दुपारी अर्ध्या बाह्या. सेरेंगेटीत निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते आणि जीन्सवरूनही चावते.

कागदपत्रं, लस, सामान?

केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, घ्यावी लागते. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. लस घेतल्याची नोंद असलेलं पिवळं पुस्तक नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवस अलग ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यात न्या, कॅरीबॅगमध्ये नको. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान पंधरा किलो, आणि बॅग मऊ हवी.

शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

मुळीच नाही. गुजराती मंडळी तिथे कित्येक पिढ्या आहेत. बहुतेक लॉजमध्ये डाळ, भात, चपाती मिळते, जैन जेवणही आधी सांगितलं तर. सुकुमा विकी नावाची पालेभाजी उगालीबरोबर खाऊन बघा. नावाचा अर्थ 'आठवडा ढकला'. महिनाअखेरची भाजी.

किती दिवस आणि किती खर्च?

माऱ्यात तीन रात्री तरी हव्यात. नुसतं प्रवेशशुल्कच २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. तिकीट बारा तासांचं असतं. बाहेर पडायच्या दिवशी उशीर झाला तर पुन्हा पैसे. फेब्रुवारी-मार्च मला का आवडतात याचं हेही एक कारण.

आई-बाबांना झेपेल का?

नैरोबीहून रस्त्याने पाच-सहा तास, शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करणारा. ड्रायव्हर त्याला हसत 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. कंबरदुखी असेल तर विमानाने पाऊण तासात पोचा आणि गाडीत मधल्या रांगेत बसवा, मागच्या नाही. माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तराव्या वर्षी आल्या. चार दिवसांत त्यांनी दुर्बीण कोणालाच दिली नाही.

परत आल्यावर ताप आला तर?

महिन्या-दोन महिन्यांनी आला तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : आफ्रिकेत जाऊन आलोय. मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. तिकडचा मलेरिया वेळ देत नाही.